चौदावा नियम

"हा कुणाचा फोन नंबर आहे का हो?" थेरपिस्टबाईंनी कागदांची चळत मास्तरांच्या हातात दिली. "ताईंना डाव्या हातानं लिहायची सवय करतोय आम्ही. मी म्हणते, नाव लिहा, उभ्या रेघा काढा, गोल काढा. पण पेन्सिल हातात आली की त्या हेच लिहीत बसतात. आज बारा कागद भरले."

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कागद डोळ्यांजवळ नेला. आकडे वाकडेतिकडे होते, काही ओळीखाली घसरलेले, काही एकमेकांच्या अंगावर चढलेले. पण होते बरोबर दहा. शेवटी चार आणि सात.

"अहो, हा माझाच नंबर!" मास्तर म्हणाले आणि त्यांची छाती नकळत थोडी फुगली. सहा आठवड्यांपूर्वी ताईच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला, बोलणे तर सगळेच गेले. एवढे सगळे जाऊन धाकट्या भावाचा नंबर तेवढा राहिला होता. मग त्यांचे लक्ष नंबरच्या पुढे गेले. प्रत्येक नंबरापुढे एक फुली होती. पेन्सिल इतकी दाबून मारलेली, की दोनतीन ठिकाणी कागद फाटला होता.

"ही फुली कसली?"

"ते तुम्हीच सांगा. मी विचारलं, ताई, नंबर चुकला का? तर मान हलवतात, नाही म्हणून. मग फुली कशाला? असं विचारलं की कागद माझ्या अंगावर ढकलतात आणि दाराकडे बोट दाखवतात. तुम्ही तिथूनच येता ना रोज."

ते कागद घेऊन खिडकीजवळच्या खाटेपाशी गेले. ताई उशीला टेकून बसली होती. चेहऱ्याची उजवी बाजू अजून ओघळलेलीच होती, डावी मात्र पूर्वीसारखी करारी.

"काय गं ताई? माझ्यावर फुली मारलीस?"

ताईने डाव्या हाताने कागदावर थाप मारली. पुन्हा मारली. तोंड उघडले. "फ... फ..." एवढेच आले. कपाळाला घाम फुटला. मग तिने डोळे मिटून घेतले.

मास्तरांना वाईट वाटले, आणि वाईट वाटले की त्यांना राग यायचा. "आता चिडून काय उपयोग?" ते म्हणाले. "दहा वेळा सांगितलं होतं, फॉर्म भर, फॉर्म भर. भरला असतास तर ही वेळ आली असती का?"

शेजारच्या खाटेवरच्या आजींनी रोजच्यासारखी जीभ टाळ्याला लावून चुकचुक केली. वॉर्डातली परिचारिका, सफाईवाल्या मावशी, समोरच्या खाटेचे पाहुणे, सगळ्यांना ही गोष्ट आता पाठ झाली होती. बाई एकटी राहायची, भावाने जीव तोडून सांगितले, बाईने ऐकले नाही.

गोष्ट तशी सरळ होती. एकटे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना नगरपालिका गळ्यात अडकवायची एक घंटा देत असे. बटण दाबले की दवाखान्यातली गाडी निघायची आणि त्याच वेळी जवळच्या नातेवाइकाचा फोन वाजायचा. त्यासाठी नगरपालिकेच्या वेबसाइटवर एक फॉर्म भरायचा, बस्स. ताईने तो भरला नाही. सकाळी स्वयंपाकघरात पडली ती दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारणीने दार वाजवेपर्यंत फरशीवरच होती. डॉक्टर म्हणाले होते, तीन तासांच्या आत आणली असती तर बोलणे तरी बहुधा वाचले असते.

आणि मास्तरांचे दुःख असे, की तो फॉर्म त्यांनी स्वतः बनवला होता.

कागद पिशवीत टाकून आणि पाहुण्यांच्या वहीत सही करून ते वॉर्डाबाहेर पडले, तरी फुल्या काही डोळ्यांपुढून हलेनात. सख्ख्या बहिणीने आपल्यावर बारा कागद भरून फुल्या माराव्यात, असे आपण काय केले? लहानपणी बोट धरून शाळेत नेणारी, फीपासून बुटांच्या नाड्यांपर्यंत सगळे बघणारी ही बहीण. 'धाकट्या' या हाकेपलीकडे कधी दुसऱ्या नावाने तिने बोलावले नाही. बसमध्ये उभ्या उभ्या त्यांनी त्यातला एक कागद दोनदा पिशवीतून काढून पाहिला आणि दोनदा आत सारला.

नगरपालिकेच्या संगणक विभागात मास्तरांना फॉर्ममास्तर म्हणत, आणि ते नाव त्यांना मनापासून आवडायचे. सतरा वर्षांत त्यांनी एकशे सहा फॉर्म बनवले होते. जन्माचा, मृत्यूचा, नळजोडणीचा, हरवलेल्या कुत्र्याचा, वाचनालयाचा, घंटेचा. दर वेळी तेच तेच लिहायचा त्यांना कंटाळा, म्हणून त्यांनी सुरुवातीलाच एक मोठा क्लास, म्हणजे सगळ्या फॉर्मांचा एकच मूळ साचा, लिहून ठेवला होता. त्याला ते 'बाप' म्हणत. नाव कसे तपासायचे, जन्मतारीख कशी, फोन नंबर कसा, हे सगळे बापाला ठाऊक. नवा फॉर्म म्हणजे बापाचे नवे पोर. बापाने जे नियम घालून दिले ते पोराला जन्मतःच लागू. पोराने फक्त स्वतःच्या दोनचार गोष्टी सांगायच्या आणि कामाला लागायचे. एखाद्या पोराला बापाचा एखादा नियम नको असेल तर तो मोडायची सोय होती, पण मोडायचा तर तो आहे हे आधी माहीत असावे लागते.

"समोरच्या पानावरची तपासणी शोभेची," मास्तर नव्या लोकांना सांगायचे. "ती कोणीही चुकवतं. खरी तपासणी सर्व्हरवर. तिथं माझा बाप बसलाय. त्याच्या नजरेतून माशी सुटत नाही." आणि खरोखरच सुटत नसे. सतरा वर्षांत चुकीची एक नोंद आत गेली नव्हती. ज्या मुख्य साहेबांना कोणाचे चांगले म्हणणे जिवावर यायचे, त्यांनीही एकदा भर बैठकीत तसे बोलून दाखवले होते.

आता मात्र बापाचे वय झाले होते. सगळी व्यवस्था नव्याने लिहायचे ठरले होते आणि त्यासाठी एक नवी प्रोग्रामर बाई आली होती. दोन शाळकरी मुलांची आई, कामाला वाघीण, पण प्रश्न विचारून भंडावून सोडणारी. पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी तिचे नाव 'चौकशीबाई' ठेवले आणि ते विभागात रुळले. चौकशीबाईंची पद्धत अशी, की जुन्या बापाचा प्रत्येक नियम वेगळा काढायचा, त्याला क्रमांक द्यायचा, आणि पुढे एका रकान्यात तो का केला याचे कारण लिहायचे. कारण नसेल तर नियम नव्या घरात येणार नाही.

"उशीर झाला सर? दवाखान्यात सगळं ठीक?"

"ठीक म्हणायचं," मास्तर खुर्चीत बसले. "चला, कुठवर आलो होतो?"

"दहाव्यावर. जन्मतारीख आजच्या नंतरची नसावी."

"एका गृहस्थांनी पुढच्या वर्षी जन्म घेतला होता. वाचनालयाच्या फॉर्मात. लिहा."

चौकशीबाईंनी हसत हसत लिहून घेतले. अकरावा, नावात आकडे नकोत. कारण, एकाने नावाच्या जागी घराचा नंबर घातला होता. बारावा, फोन नंबरातल्या मोकळ्या जागा, पुढचे शून्य, देशाचा क्रमांक हे सगळे काढून टाकून मग मोजायचे. हा मास्तरांचा लाडका नियम. माणसे नंबर कसाही लिहितात, बापाने समजून घ्यावे. तेरावा, नातेवाइकाचा नंबर अर्जदाराच्या नंबराहून वेगळा असावा. कारण उघड होते. एवढ्या वेळात मास्तरांचे मन जरा ताळ्यावर आले. आपण केलेले काम असे ओळीने समोर आले की त्यांना कढत चहा घेतल्यासारखे वाटायचे.

"चौदावा मला कळलाच नाही," चौकशीबाई म्हणाल्या. "हा फोनच्या तपासणीतच आहे, शेवटी. चार ओळी. एकच नंबर अडवलाय. हा आला तर चुकीचा म्हणायचं आणि 'कृपया योग्य क्रमांक भरा' दाखवायचं. कारण काही लिहिलेलं नाही. तारीख नऊ वर्षांपूर्वीची. हा नंबर कोणाचा, सर?"

त्यांनी संगणकाचा पडदा मास्तरांकडे वळवला.

मास्तरांनी पाहिले. दहा आकडे. शेवटी चार आणि सात.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्याला नाक लावले आणि पहिल्या आकड्यापासून पुन्हा वाचले.

"सर?"

"माझा आहे," मास्तर म्हणाले.

आठवायला काही वेळ लागला नाही, हेच वाईट. नऊ वर्षांपूर्वी नातेवाइकाला मेसेज पाठवायची सोय पहिल्यांदा सुरू केली, तेव्हा चाचणीसाठी सगळ्या खिडक्यांवरच्या लोकांना खोटे फॉर्म भरायला लावले होते. नातेवाइकाचा नंबर कोणाचा घालायचा? मास्तरांचा घाला, ते काय कुठे जात नाहीत. दिवसाला दोनदोनशे मेसेज. 'आपले नाव जवळचे नातेवाईक म्हणून नोंदवले आहे.' फोन थरथरत थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत जायचा आणि खाली पडायचा. एका दुपारी मास्तरांचे डोके सणकले. त्यांनी बापाच्या पोटात चार ओळी लिहिल्या, स्वतःचा नंबर अडवला, आणि शांतपणे डबा खाल्ला. आजच्यापुरते, असे ठरवले होते. चाचणी संपली, खोटे अर्ज पुसले गेले. चार ओळी राहिल्या.

आणि नऊ वर्षांत कोणाला पत्ता लागला नाही. लागणार कसा? घरचे सगळे फॉर्म मास्तरांची बायको भरायची, स्वतःच्या नंबरावरून. जवळचा नातेवाईक म्हणून ती तिच्या बहिणीचा नंबर द्यायची, कारण बहीण फोन उचलते. मास्तरांचा नंबर जगात दुसरे कोण भरणार?

"नाकारलेल्या अर्जांचं एक टेबल आहे ना," मास्तर म्हणाले. "मीच केलं होतं. कोणता नियम कितीदा अडवतो ते बघायला. कोणी बघत नाही ते. त्यात चौदावा शोधा."

चौकशीबाईंनी शोधले. "फार नाहीत. नऊ वर्षांत नऊच नोंदी. आणि सर, सगळ्या एकाच दिवशीच्या. अर्जदार एकच आहे. घंटेचा फॉर्म. वय एकाहत्तर, एकटी राहते, पत्ता तिसरा मजला..."

त्या थांबल्या. मास्तरांच्या ताईला काय झाले, ती कुठे आणि कशी राहत होती, हे विभागात सगळ्यांना ठाऊक होते. मास्तरांनीच सांगितले होते, पुन्हा पुन्हा.

"पुढं वाचा."

"राहू द्या ना सर."

"तिचे सगळे प्रयत्न काढा. फक्त चौदाव्याचे नकोत. सगळे."

अकरा होते. ताई पडण्याच्या पाच आठवडे आधीची एक सकाळ. दहा वाजून बारा मिनिटांनी पहिला. नंबर अचूक. नाकारला. चार मिनिटांनी दुसरा, तोच. नाकारला. तिसरा, तोच. चौथ्या वेळी तिने पुढे शून्य लावून पाहिले होते. पाचव्या वेळी देशाचा क्रमांक. सहाव्या वेळी दोन दोन आकड्यांमध्ये जागा सोडून, जसे ती पूर्वी तोंडाने सांगायची. बापाने सगळे समजून घेतले, जागा काढल्या, शून्य काढले, उरलेले दहा आकडे पाहिले आणि नाकारले. सातव्या वेळी तिने स्वतःचाच नंबर घालून पाहिला. तेराव्या नियमाने तो हाकलला. आठव्या वेळी मास्तरांच्या कचेरीचा नंबर. मोबाइल नाही म्हणून तोही गेला. नवव्या वेळी पुन्हा धाकट्याचा. अकरा वाजून चौदा मिनिटे.

मग वीस मिनिटे काही नाही.

त्या वीस मिनिटांत काय झाले हे सांगायला टेबलाची गरज नव्हती. ताईचा फोन आला होता. बैठक चालू होती, मास्तर कोपऱ्यात जाऊन दबक्या आवाजात बोलले होते.

"धाकट्या, तुझा फॉर्म तुझा नंबर घेत नाही रे. लाल फुली येते."

"ताई, फॉर्म नाही चुकत. माणूस चुकतो. चष्मा लावून नीट भर."

"अरे, नंबर चुकेल का माझा?"

"वय झालं की होतं तसं. ठेवतो आता, साहेब बघतायत."

तिने तीस वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. कानाला यंत्र लावून, समोरच्या भोकांत वायरी खुपसत. शहरातले हजारभर नंबर तिला तोंडपाठ होते. लोक नाव सांगायचे, ही नंबर न बघता जोडायची. तीस वर्षांत चुकीच्या घरी फोन लावल्याची एक तक्रार तिच्या नावावर नव्हती. आणि तिला मास्तर म्हणाले होते, वय झाले की होते तसे.

त्यानंतर दोन नोंदी होत्या. अकरा चौतीसला दहावी. अकरा चाळीसला अकरावी. दोन्हींत तोच नंबर, एकही जागा न सोडता, सरळ, स्वच्छ, चष्मा लावून भरलेला. मग संपले.

मास्तरांनी पिशवीतून कागद काढून टेबलावर पसरले. नंबर आणि पुढे फुली. नंबर आणि पुढे फुली. ती फुली त्यांचीच होती. सतरा वर्षांपूर्वी लाल फुलीचे चित्र त्यांनी स्वतः बनवले होते, चुकलेल्या चौकटीपुढे ठसठशीत दिसावी म्हणून चांगली जाड केली होती. सहा आठवडे ताई त्यांना सांगत होती. तोंड गेले तरी सांगत होती. आणि ते रोज खाटेपाशी उभे राहून, चारचौघांत, तिलाच सुनावत होते.

"सर, पाणी घ्या," चौकशीबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते आणि ते त्यांना लपवता येत नव्हते. "शेजारणीचा नंबर टाकला असता तर घेतला असता हो फॉर्मनं."

"नातेवाईक विचारलं होतं ना," मास्तर म्हणाले. "ती तीस वर्षं जो मागितला तोच नंबर जोडून देत आली. भलताच कसा देईल?"

नऊ वर्षांत, एकशे सहा फॉर्मांवर, हजारो माणसांत, एकाच माणसाने मास्तरांना आपला जवळचा नातेवाईक म्हटले होते. आणि त्याला त्यांच्या बापाने दारातून नऊदा परत पाठवले होते. हे मनात आले आणि मास्तरांच्या हातातला पेला खाली ठेवताना टेबलावर आपटला.

चौकशीबाईंनी आवाज खाली आणला. "सर, हा नियम नव्यात येणारच नाही. आजच जुन्यातूनही काढते. कोणाला... म्हणजे, कोणाला कळायची गरज नाही. चार ओळी आहेत फक्त."

मास्तरांनी चौकशीबाईंकडे पाहिले. त्यांनी ते चांगल्या मनाने म्हटले होते. आणि क्षणभर, खोटे कशाला बोला, मास्तरांना ते पटलेही. काढून टाकावे. ताईला बोलता येत नाही. वॉर्डाला गोष्ट पाठ आहेच. नातेवाइकांतही ती पोहोचली आहे. मग त्यांना त्या क्षणाचीच इतकी शिसारी आली, की ते ताठ बसले.

"रकाना उघडा," ते म्हणाले. "चौदावा. कारण. मी सांगतो ते लिहा."

चौकशीबाईंनी बोटे कीबोर्डवर ठेवली.

"कारण, प्रोग्रामरला मेसेजचा त्रास होत होता."

"सर..."

"लिहा. खाली माझं पद लिहा, आजची तारीख लिहा. आणि त्या अकरा नोंदी पुसायच्या नाहीत. साहेबांना मी सांगतो. काढा आता त्या चार ओळी, माझ्यासमोर काढा."

त्यांनी काढल्या. काढायला अर्धे मिनिटही लागले नाही.

साहेबांना सांगायला पाच मिनिटे लागली. साहेब म्हणाले, लेखी द्या. मास्तर म्हणाले, दिलेय. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते बाहेर पडले. बस समोर उभी होती तरी ते चालत निघाले आणि अर्ध्या वाटेत त्यांना कळले की आपण चालतो आहोत. रस्त्यावर माणसे होती, ऊन होते, एक गाडीवाला त्यांच्यावर ओरडला. त्यातले काही त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते. फरशीवरचा तो दिवस मात्र पोहोचत होता. सकाळ, दुपार, रात्र, पुन्हा सकाळ. तिने गळ्याशी हात नेला असेल का? गळ्यात काही नव्हते.

वॉर्डात दुपारची शांतता होती. शेजारच्या आजी जाग्या होत्या. परिचारिका गोळ्यांची ताटली घेऊन फिरत होती. थेरपिस्टबाई दाराशी काहीतरी लिहीत होत्या. दिवसातून दुसऱ्यांदा मास्तर आलेले पाहून सगळ्यांनीच माना वर केल्या.

मास्तर खाटेपाशी बसले नाहीत. उभेच राहिले, रोज उभे राहायचे तिथेच.

"ताई," ते म्हणाले, आणि रोज बोलायचे तेवढ्याच मोठ्याने म्हणाले. "तू फॉर्म भरला होतास. अकरा वेळा भरलास. नंबर तुझा बरोबर होता. माझा फॉर्म चुकीचा होता. माझाच नंबर मी अडवून ठेवला होता, नऊ वर्षांपूर्वी, मला मेसेज नको होते म्हणून. आणि मी रोज इथं येऊन तुलाच..."

परिचारिकेच्या हातातली ताटली जागच्या जागी थांबली. आजींची चुकचुक या वेळी आली नाही.

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने डावा हात उचलला. मास्तरांना वाटले, मारणार. आणि मारावे असेच त्यांना वाटत होते. तिने त्यांच्या सदऱ्याची बाही धरली आणि खाली ओढली. बस, असे. ते खाटेच्या कडेवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. ताईचे डोळे कोरडे होते. तिच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूवर मात्र अशी काही मोकळीक आली, की थेरपिस्टबाई दारातून आत आल्या आणि तिथेच थांबल्या.

"सोमवारी घरी सोडतायत," बऱ्याच वेळाने मास्तर नाक पुसत म्हणाले. "आमच्याकडे चल म्हटलं तर तू येणार नाहीस, मला माहितीये. मग घंटा तरी हवी ना गळ्यात? फॉर्म भरू या?"

ताईने उशीखालून स्वतःचा जुना फोन काढून दिला. मास्तरांनी फॉर्म उघडला. नाव त्यांनी भरले. वय भरले. पत्ता, तिसरा मजला. एकटे राहता का, हो. प्रत्येक चौकटीपुढे हिरवी खूण उमटत गेली. मग ती चौकट आली, 'जवळच्या नातेवाइकाचा फोन क्रमांक'. मास्तरांनी पहिला आकडा दाबायला बोट पुढे केले आणि ताईने ते बाजूला सारले.

तिने फोन मांडीवर ठेवून घेतला. एक आकडा. थांबली. दुसरा. तिसऱ्याला बोट चुकून शेजारी पडले. तिने ते खोडले आणि पुन्हा दाबले. मास्तर मधे पडले नाहीत. आजी कोपरावर उठून बघत होत्या. पाचवा. सहावा. दहा आकडे व्हायला तीनचार मिनिटे गेली असतील. शेवटी चार. मग सात. तिने एकदा सगळा नंबर डोळ्यांनी तपासला आणि खालचे बटण दाबले.

मग तिने मान किंचित डावीकडे कलती केली, एक्स्चेंजमध्ये वायर जोडल्यावर करायची तशी, पलीकडे वाजते का ते ऐकायला.

मास्तरांच्या सदऱ्याच्या खिशात फोन थरथरू लागला. त्यांनी तो थांबवला नाही. तो पुरता शांत होईपर्यंत दोघे ऐकत बसले.